रुंजीच्या तीन पाकळ्या

नदीच्या अलीकडे वीटभट्टी, पलीकडे बालवाडी, आणि मधल्या पुलावरून रोज सकाळी एक इवलीशी पोर उड्या मारत जायची. तिचं नाव रुंजी. फ्रॉक उसवलेला, पायांत दोन वेगवेगळ्या चपला, केसांत विटांची लाल धूळ. घर म्हणाल तर कच्च्या विटांची खोपी, आत वाकूनच शिरायचं. पण बालवाडीला निघाली की पोरगी घासलेल्या पितळी वाटीसारखी चमकायची.

भट्टी पेटते दिवाळीनंतर, म्हणून रुंजीची आई सखू इथे कामाला आली तीही दिवाळीनंतर. बालवाडी जूनपासून चाललेली. बाकीच्या पोरांना तोवर मणी ओवता यायचे, कागद फाडून चिकटवता यायचा, दहा चिंचोके मोजता यायचे. रुंजीला यातलं काही येईना. बोटं पुढे धावायची आणि मणी मागे सांडायचे.

सखू दिवसभर विटा थापायची. तान्हा बाळू भट्टीजवळच्या झोळीत धुराने खोकत पडलेला असायचा. तिने रुंजीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. संक्रांतीला बाई सगळ्या आयांना बोलावतात, पोरं काय शिकली ते दाखवतात. तेव्हा मी येईन. काही आलेलं दिसलं तर राहा बालवाडीत. नाहीतर दुसऱ्या दिवसापासून बाळूला सांभाळायचं. आई काही वाईट नव्हती. तिला दोनच हात होते, एवढंच.

बालवाडीच्या बाई म्हणजे हौसाबाई. आवाज असा, की त्यांनी वर्गात पोरं मोजली तर नदीवर धुणं धुणाऱ्या बायकाही मोजायला लागायच्या. उगीच लाड नाहीत. चुकलं की म्हणायच्या, "चुकलं. सोड आणि परत कर."

एक दिवस ठसेकाम निघालं. भेंडी आडवी कापायची, रंगात बुडवायची, कागदावर टेकवायची, की उमटलं टपोरं फूल. पोरं भेंड्या तोडायला मागच्या परसबागेत धावली. निशाला भेंडी सापडेना, तेव्हा तिने एका मरतुकड्या झाडाच्या एकुलत्या एका फुलाला हात घातला.

"ते नको गं तोडू," रुंजी म्हणाली. "अजून त्याची भेंडी व्हायचीय. ही माझी घे."

निशा भेंडी घेऊन पळाली. रुंजी रिकाम्या हातांनी तिथेच बसली. आणि ते पिवळंधमक फूल हळूच हललं, आतला जांभळट-लाल गाभा लखलखला, आणि त्यातून अंगठ्याएवढी परी बाहेर आली. पंख काचेच्या बांगडीसारखे हिरवे, केसांत पराग चमचमतोय. पिवळ्या घागऱ्याला पाच पाकळ्या असायला हव्या होत्या, पण होत्या तीनच.

"दोन देऊन झाल्या," परी म्हणाली. "उरलेल्या तिन्ही तुझ्या. एका पाकळीला एक इच्छा. पण नियम ऐकून घे. स्वतःसाठी मागितलंस तर शाळा सुटायची घंटा होईपर्यंत टिकेल. दुसऱ्यासाठी मागितलंस तर कायमचं राहील, पण मग कुणाला सांगायचं नाही. कळलं का सोनुले?"

रुंजीने मान हलवली आणि श्वास न घेता मागून टाकलं, "माझ्या हातांना सगळं येऊ दे."

मग काय विचारता. पाकळी गळाली, सोनेरी धूळ भुरभुरली, आणि रुंजीच्या बोटांना जणू पंख फुटले. लाल मणी, निळा मणी, हिरवा मणी, सरसर सरसर माळ झाली. कागद फाडला तर मोर झाला. मातीचा गोळा घेतला तर त्याचं जातं झालं, खुंट्यासकट. पोरं तिच्याभोवती गोळा झाली, चिवचिवाट नुसता. हौसाबाई मात्र कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, की उद्या परत करून दाखव.

घंटा झाली. उद्या उजाडला. मणी सांडले.

"काल कुणी करून दिलं गं भट्टीवाले?" निशाने टोमणा मारला. रुंजीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण परीचं नाव काही तिने काढलं नाही. हौसाबाईंनी सांडलेले मणी तिच्यासमोर ठेवले आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. रुंजीने माळ परत केली. पाच मणी झाले. दुसऱ्या दिवशी सात.

दुसरी पाकळी गेली संभूपायी. संभू चार वर्षांचा. रोज दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून तासभर रडायचा, आत काही यायचा नाही. रुंजी चिंचोके मोजायला बसली, की तिच्या कानात ते रडणं शिरायचं आणि सहाच्या पुढचा आकडा विसरायचा. एका सकाळी तिला राहवलं नाही. परसबागेत जाऊन ती म्हणाली, संभूची भीती जाऊ दे. तिने परत येऊन हात पुढे केला, आणि संभूने चौकट सोडून तो हात धरला. आत येऊन त्याने पहिल्यांदा काय केलं असेल? ढोलकी वाजवली. दुसऱ्या दिवशीही तो हसत आला, तिसऱ्याही. पोरं म्हणाली, बाईंनी जादू केली. रुंजी गप्प.

आता एकच पाकळी. ती मात्र रुंजीने जपून ठेवली. संक्रांतीला आई येणार, तेव्हा मागायची. घंटा होईपर्यंत टिकली तरी पुष्कळ झालं.

संक्रांत आली. बालवाडीत नुसता जल्लोष. सतरंजीवर काळ्या साड्या नेसून आया बसलेल्या, दाराला ठसेकामाची तोरणं, पाटीएवढ्या कागदांवर रंगीबेरंगी पतंग. त्या बालवाडीची रीत अशी, की प्रत्येक पोराने आईसमोर कागदाची पुडी बांधायची, तिच्यात तिळगूळ भरायचा आणि आपल्या हाताने आईला द्यायचा. सखूही येऊन भिंतीशी बसली होती, बाळूला पाठीशी बांधून.

पण हौसाबाईंचा घसा बसला होता. चार दिवस पोरांना शिकवून शिकवून असा बसला, की तोंड उघडलं तर फक्त खर्रखर्र. पोरांनी ते ओळखलं आणि वर्गाचा बाजार झाला. कुणी तिळात हात घातला, कुणी खळ सांडली, संभू ढोलकी बडवत सुटला. आया उठायला लागल्या. एक म्हणाली, चला गं, घरी कामं पडलीत. हौसाबाई टाळ्या वाजवत होत्या, पाय आपटत होत्या, कुणी बघेना. रुंजीने बाईंचे डोळे पाहिले. ते भरून आले होते. जूनपासूनची मेहनत डोळ्यांसमोर उधळत होती.

रुंजी परसबागेत धावली.

"मागशील ना आता हातांसाठी?" परीने विचारलं.

रुंजीने भिंतीपलीकडचा गोंधळ ऐकला. मग पटकन म्हणाली, "बाईंना आवाज दे."

"नीट विचार कर गं. मग माझ्याकडे काही उरणार नाही."

"दे तू आधी. सगळ्या चालल्या."

तिसरी पाकळी गळाली, आणि आतून हौसाबाईंचा आवाज आला तो थेट पुलापर्यंत गेला. "बसा खाली सगळे." पोरं बसली. आयाही बसल्या.

मग एकेक पोर पुढे आलं. निशाची पुडी चौकोनी, टोकं चापूनचोपून. संभूची त्रिकोणी. शेवटी रुंजी. तिने कागद दुमडला, पुन्हा दुमडला, तिळगूळ भरला, आईसमोर धरला, आणि पुडी आपोआप सुटली. तीळ सतरंजीभर झाले.

सखूने पोरीचा हात धरला. "चल. बघितलं मी."

"थांब," हौसाबाई म्हणाल्या. "हिला पुडी येत नाही, खरंय. बाकीची जूनपासून करतायत, हिला येऊन दोनच महिने झाले. आली तेव्हा एक मणी ओवता येत नव्हता, काल वीस ओवले. रडणाऱ्या संभूसमोर या सगळ्यांतून हात पुढे केला तो हिने. उरलेलं मी शिकवीन. तू हिला नेलीस तर काय भिंतीला शिकवू?"

"आणि बाई, तान्ह्याला कोण बघंल?" सखूचा आवाज चिरकला. "म्या हौसेनं नेत न्हाई तिला."

"त्यालाही आण. या खांबाला झोळी बांध. मदतनीस आहे, मी आहे. त्या धुरात खोकून मरायचंय का लेकराला?"

सखूने खाली वाकून सतरंजीवरचे तीळ एकेक वेचले आणि तोंडात टाकले. मग पाठीवरची झोळी सोडली आणि खांबाला बांधायला घेतली.

रुंजी सुसाट मागे पळाली. परी झाडाच्या शेंड्यावर उभी होती, घागऱ्याची एकही पाकळी नाही, तरी अंगभर झगमगत होती.

"आता काय मागायचं?" रुंजीने धापा टाकत विचारलं.

"आता तुला माझी गरज उरली नाही, चिमणे," परी हसली. तिच्या पंखांतून आधी हिरवा, मग केशरी, मग चांदीसारखा पांढरा उजेड फाकला, परसबाग लख्ख उजळली, पानापानावर ठिणग्या नाचल्या. उजेड ओसरला तेव्हा शेंड्यावर कुणी नव्हतं.

आतून हौसाबाई हजेरी घेत होत्या. रुंजी धावत जाऊन आपल्या जागी बसली. सगळी नावं झाली. मग बाईंनी पेन उघडलं, वहीत खाली एक नवं नाव लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "बाळू सखू."

झोळीत कुणीतरी पाय झाडले. खोकला नव्हता.

"हजर," रुंजी म्हणाली.