पेवाच्या काठावरचा दिवा

फार पूर्वी, लोक जमिनीच्या पोटात धान्य साठवत तेव्हाची गोष्ट. एका गावात एक पाटील होता. त्याच्या अंगणात दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतकं, खोल पेव होतं. तोंड अरुंद, आत ऐसपैस. सुगीला त्यात ज्वारी भरायची आणि तोंडावर दगड ठेवून वरून माती लिंपायची, की वर्षभर बघायला नको.

पेव उघडायचा एक रिवाज होता. काठावर पितळी दिवा लावायचा, हळदकुंकू वाहायचं, मग घरातल्या एकानं दोराला धरून आत उतरायचं. पाटलाचा थोरला भाऊ तरुणपणी असाच उतरला होता, तो जिवंत वर आला नाही. पेवानं बळी घेतला असं गाव म्हणालं, आणि तेव्हापासून घरात हळदकुंकू दुप्पट झालं. दिवा कशासाठी, हे मात्र कुणी विचारलं नाही. थोरामोठ्यांच्या रिवाजाला ‘का’ विचारणं म्हणजे उद्धटपणा, अशी तेव्हाची समजूत. आता ती पुरती गेली आहे असंही नाही.

त्या वर्षी पेरणीच्या तोंडावर पेव उघडायचं ठरलं. उतरायचं होतं पाटलाच्या मुलानं. आदल्या दिवशी त्याची बायको राख-चिंचेनं दिवा घासत बसली, तेव्हा तिला दिव्याला तीन कड्या दिसल्या, दोरीनं घासून झिजलेल्या. काठावर ठेवायच्या दिव्याला कड्या कशाला? तिनं सासूला विचारलं. सासू म्हणाली, आजेसासऱ्यांच्या वेळी तो दोरीला बांधून आत सोडत. एकदा तेल सांडून ज्वारी नासली, तेव्हापासून वरच ठेवतात. देवाला काय, वर लावला काय नि खाली लावला काय, सारखंच.

सुनेचं समाधान झालं नाही. संध्याकाळी चुलीतल्या निखाऱ्यांवर तिनं रोजच्यासारखं मडकं पालथं घातलं. हवा तुटली तसे निखारे काळे पडले. ती उठली आणि दिव्याच्या कड्यांना दोरी बांधून ठेवली.

सकाळी दगड हटवला, पूजा झाली. नवऱ्यानं धोतर खोचलं तशी सून पदर सावरून पुढं आली आणि आधी दिवा आत सोडू द्या, म्हणाली. पाटील हसला. दिव्याला काय ज्वारी मोजायची आहे का, असं त्यानं विचारलं. पण वाद घालण्यापेक्षा दिवा सोडणं लवकर उरकेल, म्हणून त्यानं मान हलवली.

दिवा हळूहळू खाली गेला. कमरेइतक्या खोलीवर ज्योत बारीक झाली आणि विझली. पुन्हा लावला, पुन्हा तिथंच विझला. वाऱ्याची झुळूकही नव्हती.

“मामंजी,” सून म्हणाली, “ज्या हवेत दिवा जगत नाही, तिथं माणूस कसा जगेल?”

पाटलानं विझलेला दिवा हातात घेतला.

“दादा उतरला त्या दिवशीही दिवा लावला होता, सूनबाई. काठावर.”

पेवात ना देव होता ना भूत. साठवलेला दाणाही जिवंत असतो, आपल्यासारखाच श्वास घेतो. कोंडलेल्या जागेत तो चांगली हवा, म्हणजे प्राणवायू, संपवतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. ही हवा जड, तळापासून वर साचत जाते. तिला ना रंग ना वास. प्राणवायू दिव्यालाही लागतो नि माणसालाही, म्हणून जुन्या शहाण्या माणसांनी दिव्याला पुढं पाठवलं होतं.

त्या दिवशी कुणी उतरलं नाही. दोरीला कडुलिंबाच्या डहाळ्या बांधून सगळ्यांनी आळीपाळीनं पेवातली हवा घुसळली. दुसऱ्या दिवशी दिवा खाली ज्वारीपर्यंत गेला आणि तेवत राहिला. मगच मुलगा उतरला, आणि पहिली पाटी भरून हसत वर आला. पाटलानं त्यातली ओंजळभर ज्वारी आधी सुनेच्या पदरात घातली.

तात्पर्य: रिवाज पाळण्याआधी त्याचं कारण विचारावं; ते विसरलं की दिवा जळत राहतो, पण माणूस वाचत नाही.