खारीच्या वाट्याचा पेरू

एक होती खार. इवलीशी खार. पाठीवर पट्टे, शेपूट झुबकेदार.

मथुराकाकूच्या परसात पेरूचं झाड होतं. त्या झाडावर खार राहायची. झाडाला पेरू लागले. खूप पेरू लागले. खार रोज बघायची. आज पिकेल, उद्या पिकेल.

एक पेरू पिकला. पिवळा झाला. खार धावली, तुरुतुरु तुरुतुरु. घास घेतला, कुरूम!

आत काय? अळी! वळवळ वळवळ!

दुसरा पेरू घेतला, कुरूम! आत काय? अळी! वळवळ वळवळ!

तिसरा घेतला. त्यातही तेच. वळवळ वळवळ!

कुणी केलं हे? फळमाशीने केलं. ती पेरूला टोचते. आत अंडी घालते. आणि खुशाल निघून जाते.

पेरू सडले. पेरू गळले. थप! थप! थप! काकूने ते गोळा केले. झाडाच्या बुडाशी ढीग घातला. म्हणाली, "खत होईल."

झाडावर उरला एकच पेरू. हिरवा पेरू. कडक पेरू.

माशी आली, गुंई गुंई. म्हणाली, "अजून हिरवा आहे. पिवळा झाला की टोचते."

खारीला रडूच आलं. ती झाडाला म्हणाली, "झाडा झाडा, पेरू राख."

झाड म्हणालं, "मी नाही राखत. काय उपयोग? मला कुठे हात आहेत? काकूने पिशवी बांधली, तर राखीन."

खार गेली काकूकडे. तुरुतुरु तुरुतुरु. काकू पायरीवर बसली होती. गालावर हात, तोंड एवढंसं. यंदा घरात एकही पेरू आला नव्हता.

"काकू काकू, पिशवी बांध.
झाड पेरू राखीना.
पेरू माझा जाईल गं, मी काय खाऊ?"

काकू म्हणाली, "मी नाही बांधत. काय उपयोग? माशीच पिशवीत शिरेल. बाटलीने माशी धरली, तर बांधीन."

खार गेली बाटलीकडे. तुरुतुरु तुरुतुरु. बाटली कुंपणाला टांगली होती. तिला भोकं होती. माशी आत जावी म्हणून पाडलेली.

"बाटली बाटली, माशी धर.
काकू पिशवी बांधीना.
झाड पेरू राखीना.
पेरू माझा जाईल गं, मी काय खाऊ?"

बाटली म्हणाली, "मी नाही धरत. काय उपयोग? माझ्यातला रस वाळला. तुळशीचा वास आला, तरच माशी येते. तुळशीने पानं दिली, तर धरीन."

माशी आली, गुंई गुंई. "पोपटी झाला, पोपटी झाला! पिवळा झाला की टोचते."

खार गेली तुळशीकडे. तुरुतुरु तुरुतुरु. तुळस सुकली होती. मान खाली घालून उभी होती.

"तुळशी तुळशी, पानं दे.
बाटली माशी धरीना.
काकू पिशवी बांधीना.
झाड पेरू राखीना.
पेरू माझा जाईल गं, मी काय खाऊ?"

तुळस म्हणाली, "मी नाही देत. काय उपयोग? माझीच पानं गळतात. पाणी वाहत आलं, तर देईन."

खार गेली पाण्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु. पाणी पाटात अडलं होतं. जागच्या जागी डुबुक डुबुक करत होतं.

"पाण्या पाण्या, वाहत ये.
तुळस पानं देईना.
बाटली माशी धरीना.
काकू पिशवी बांधीना.
झाड पेरू राखीना.
पेरू माझा जाईल रे, मी काय खाऊ?"

पाणी म्हणालं, "मी नाही येत. काय उपयोग? वाटेत ढीग आहे. सडक्या पेरूंचा ढीग. काकाने ढीग पुरला, तर येईन."

खार गेली वामनकाकाकडे. तुरुतुरु तुरुतुरु. आता पाय दुखत होते. काका बाजेवर पडला होता. भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"काका काका, ढीग पूर.
पाणी वाहत येईना.
तुळस पानं देईना.
बाटली माशी धरीना.
काकू पिशवी बांधीना.
झाड पेरू राखीना.
पेरू माझा जाईल रे, मी काय खाऊ?"

काका म्हणाला, "मी नाही पुरत. काय उपयोग? केवढा तो ढीग! मी एकटा. आधी कुणी हात लावला, तर पुरीन."

कुणी लावायचा हात? झाडाला हात नाहीत. काकू उठत नाही. बाटली टांगलेली. तुळस सुकलेली. पाणी अडलेलं.

आता विचारायला कुणीच उरलं नाही.

खार माशीकडे गेली. हो, माशीकडेच गेली! हात जोडून म्हणाली, "माशी माशी, एवढा एक नको गं टोचू."

माशी म्हणाली, "गुंई गुंई. टोचणार!"

पेरूकडे बघते तर काय? देठाशी पिवळा! थोडासा पिवळा!

खार ढिगापाशी बसली. खूप रडली. मुसमुस मुसमुस. कुणी आलं नाही. कुणी "काय झालं?" म्हणालं नाही.

ढीग हलला. जरासा हलला. आतून काय निघालं? माशी! छोटीशी, नवी नवी माशी. फुर्रर! मागून आणखी एक. फुर्रर!

खार रडायची थांबली. म्हणजे ढिगात खत होत नव्हतं. ढिगात माश्या होत होत्या!

परसात एक खड्डा होता. नारळ लावायला काकाने खणला होता. नारळाचं रोप काही आलं नाही. खड्डा तसाच राहिला.

खारीने एक सडका पेरू दातात धरला. शी! घाण वास! तरी धरला. ओढला, सर्र सर्र. खड्ड्यात ढकलला, थप!

मग दुसरा. सर्र सर्र, थप!

मग आणखी एक. सर्र सर्र, थप!

ढीग होता तेवढाच होता. खार थकली. पण ओढतच राहिली. सर्र सर्र, थप!

काकाने कूस बदलली. "कसला गं आवाज?" बघतो तर खार! काका उठून बसला. म्हणाला, "अगं मथुरा, बघ तरी! खारीने वाटा उचलला. हात लावला हो हिने!"

मग काय! काका बोलला होता ना? आता मागे कसा फिरणार?

काकाने फावडं घेतलं. खस् खस् खस्! ढीग खड्ड्यात गेला. वर माती पडली. खूप माती पडली. धप् धप् दाबली. आता माशी वर येईना.

"खत होईल म्हटलं होतं मी," काकू पुटपुटली.

"माश्या झाल्या!" काका म्हणाला.

ढीग गेला, पाणी आलं. झुळुझुळु झुळुझुळु.

पाणी आलं, तुळस हसली. तिने पानं दिली. काकूने पानं ठेचली. रस बाटलीत ओतला.

बाटलीला वास आला. घमघम घमघम. माश्यांच्या नवऱ्यांना तो वास फार आवडतो. गुंई गुंई करत सगळे नवरे आत! बाटलीने गपकन धरले. माशीबाई ओरडली, "अहो! अहो, कुठे गेलात?" आणि नवऱ्याला शोधत भुर्रकन उडाली.

"बांध, बांध!" काका ओरडला. काकू धावली. पिशवी पेरूवर चढवली. दोरी आवळली. गच्च!

झाडाने पेरू राखला. आज राखला, उद्या राखला. पेरू पिशवीत पिकला.

काकूने पिशवी सोडली. पिवळाधमक पेरू! अख्ख्या झाडाचा एकच पेरू.

काकूने विचारलं, "अहो, खारीचा वाटा केवढा?"

काका म्हणाला, "अख्खा!"

खारीने पेरू हातात घेतला. पण खाईना. तिला भीती वाटली. आत काय असेल? तिने डोळे मिटले. घास घेतला, कुरूम!

वळवळ?

नाही.

एक डोळा उघडला. आत बघितलं. पांढरा गर, पिवळ्या बिया. वळवळ नाही, काही नाही.

मग खारीने पेरू खाल्ला. कुरूम कुरूम, कुरूम कुरूम. सगळा खाल्ला.

पेरू गेला पोटात, बिया पडल्या मातीत, खार निजली ढोलीत, आणि गोष्ट तुमच्या ओटीत.