खुरातला काटा

पोरांनो, भरवसा कुणावर ठेवाल, गुपित राखणाऱ्या दोस्तावर की फोडणाऱ्यावर?

फार मागे आमच्या गुळाच्या गाडीला चांद्या आणि मोरक्या हे तरणे खोंड होते. मोरक्याच्या खुरात काटा मोडला. "सांगू नकोस, मला विकतील," तो म्हणाला. चांद्या गुपचूप त्याच्याही वाटचं ओझं ओढू लागला, पण मोरक्याचा पाय सुजतच गेला.

चौथ्या दिवशी चांद्याने भररस्त्यात बसकण मारली.

"ऊठ, माजलास काय?" गाडीवान धोंडबा ओरडला.

"आधी याचा पाय बघा. विकाल म्हणून लपवतोय."

धोंडबाने काटा काढला. "विकतो कशाला? आठ दिवस बसून कडबा खा."

"चहाडखोर!" मोरक्या फुरफुरला.

"शिव्या दे, पण थोडा कडबा मलाही ठेव," चांद्या म्हणाला.

तेव्हा दोस्ताचं दुखणं वाढताना दिसलं, तर जाणत्या माणसापुढे खरं काय ते मांडा, एवढीच विनंती.