धुरपाच्या दारातला गाडा

एकदा काय झालं, एक होता डोंगर. राजा नाही रे आज, डोंगर. रोज रोज राजा कुठून आणू मी? गप पडून ऐक.

तर त्या डोंगराच्या भोवती तीन वाड्या होत्या. एक वरची, एक मधली, एक खालची. वरच्या वाडीची शीव मधलीला लागलेली, मधलीची खालचीला. आणि खालच्या वाडीच्या पुढं? पुढं नुसतं रान आहे, असं सगळे म्हणायचे. बघायला कुणी गेलं नव्हतं, बरं का. म्हणायचे आपले.

वरच्या वाडीत धुरपा नावाची बाई राहायची. नवरा वारलेला. दोन लेकरं. थोरली गोजरा, ती लग्न होऊन मधल्या वाडीत नांदत होती. तिला एक तान्ही मुलगी झाली होती. धुरपानं आपलं लाल काठाचं लुगडं फाडून त्या नातीला कुंची शिवली होती. कुंची ठाऊक आहे ना? डोकं झाकून पाठीवर रुळते ती. तूही घालायचीस गं, आणि घातली की भोकाड पसरायचीस. आणि धुरपाचा धाकटा मुलगा धोंडू. तो तिच्याजवळच होता, तुझ्याएवढा रे. तुझ्यासारखाच, एका जागी न बसणारा.

मग काय झालं, आखाड लागला आणि वाडीत पटकी आली. पटकी म्हणजे वाईट दुखणं. सकाळी माणूस धडधाकट, संध्याकाळी उचलायची वेळ. लोक म्हणायचे, मरीआई आली. आणि पहिली आली ती धुरपाच्याच घरात. धोंडूनं अंथरूण धरलं. डोळे खोल गेले, ओठ सुकले, आईला हाकसुद्धा मारता येईना.

आता त्या वाड्यांची एक रीत होती. मरीआई आली की सुतारानं कडुलिंबाचा लहानसा गाडा करायचा. त्यात लाकडाची मरीआई बसवायची. हिरवी चोळी, हळदकुंकू, लिंबं, बांगड्या. घराघरातून दहीभात ठेवायचा. मग तिन्हीसांजेला हलगी वाजवत गाडा ओढत न्यायचा आणि पुढच्या वाडीच्या शिवेत ढकलून यायचं. ज्या घरात दुखणं पहिलं आलं, त्या घरच्या बाईनं दोरी ओढायची. शीव ओलांडेपर्यंत तिनं थांबायचं नाही, बोलायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. थांबली, बोलली, बघितलं, की मरीआई परत घरी.

पुढच्या वाडीचं काय? त्यांनी त्यांचं बघायचं. त्यांनी गाडा त्यांच्या पुढच्या वाडीत ढकलायचा. शेवटी रानात जातो, कुणाला काही होत नाही, असं म्हणायचे. तेही म्हणायचेच हो!

धुरपानं लहानपणापासून गाडे बघितले होते. कधी मनात काही आलं नव्हतं. या खेपेला मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती पाटलाकडे गेली. म्हणाली, "पाटील, मधल्या वाडीत माझी गोजरा आहे. अंगावर पिणारं पोर आहे तिचं. गाडा दुसरीकडं नेऊ या."

पाटील म्हणाले, "दुसरीकडं कुठं? आपल्याला एकच शीव ठाऊक. आणि धोंडूचं काय? आज गाडा गेला नाही तर उद्या तो दिसतोय का तुला?"

ती घरी आली. धोंडूच्या तोंडात पाणी घातलं, ते गालावरून खाली आलं. तशी उठली, पदर खोचला आणि दोरी हातात घेतली.

हलगी वाजायला लागली. धुरपा पुढं, गाडा मागं, त्याच्या मागं सगळी वाडी. चिंचेपाशी गाडा जड झाला. गाड्यातून बारीक आवाज आला, फक्त धुरपाला ऐकू येईल असा, "कुठं नेतेस गं मला?" धुरपा बोलली नाही. तिनं दोरी ओढली. ओढ्यापाशी गाडा आणखी जड झाला. "तिकडं कोण राहतं गं तुझं?" धुरपाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण बोलली नाही. ओढली. मग आला शिवेचा दगड. चाक दगडाला अडलं. "बघ हं धुरपे. जाऊ मी तिच्याकडं?"

आणि धुरपानं काय केलं असेल? दात-ओठ खाल्ले आणि ओढली दोरी. चाक पलीकडं गेलं. सगळी वाडी मागं न बघता परत आली.

काय रे, तुला राग आला तिचा? येऊ दे. मलाही येतो. पण घरात पोर तसं पडलेलं असलं म्हणजे काय होतं, ते देवानं तुला कधी कळवू नये.

घरी आली तर धोंडू उठून बसलेला. म्हणाला, "आई, भाकरी दे." तिनं भाकरी दिली आणि दाराशी जाऊन मधल्या वाडीकडं बघत उभी राहिली.

आता तिला तिकडं जायची सोय नव्हती. गाडा गेला की शीव बांधत. इकडचं माणूस तिकडं नाही, तिकडचं इकडं नाही. मग ती रोज डोंगराच्या सोंडेवर चढायची. तिथून गोजराच्या घरचा चुलीचा धूर दिसायचा. धूर दिसला की म्हणायची, आहे गं बाई, आहे माझी लेक. मग एके सकाळी धूर बारीक झाला. मग धूर दिसेना. मधल्या वाडीतून हलगी ऐकू आली. त्यांनी गाडा खालच्या वाडीत ढकलला होता. गाडा गेला, तरी गोजराच्या घरचा धूर काही दिसेना.

मग काही दिवस गेले. पुन्हा हलगी वाजली. पण ही हलगी मधल्या वाडीकडून नव्हती. ती डोंगराच्या दुसऱ्या बाजूनं येत होती, रानाकडून. लोक घराबाहेर आले. एकमेकांकडं बघायला लागले. कारण रानातून वाट होती, बरं का. खालच्या वाडीची शीव डोंगराला वळसा घालून वरच्या वाडीलाच लागलेली होती. इतकी वर्षं ढकललेली मरीआई दरवेळी अशीच फिरत यायची. गाडा वाटेत कुठंतरी रानात पडून राहायचा आणि दुखणं तेवढं पुढं चालत यायचं. आणि हे म्हणायचे, नवी मरीआई आली! नवी कुठली आली, यांचीच होती ती, माघारी आलेली. या खेपेला मात्र खालच्या वाडीनं गाडाच आणून ह्यांच्या शिवेत ढकलला होता.

गाडा आता भरून वाहत होता. ज्या ज्या घरी माणूस गेलं, त्या त्या घरानं त्याचं एकेक कापड गाड्यात टाकलं होतं, दुखणं कपड्याबरोबर जावं म्हणून. धोतरं, लुगडी, एक नवंकोरं मुंडासं. आणि सगळ्यांत वर होती कुंची. लाल काठाची.

धुरपानं ती ओळखली. स्वतःच्या हातचा टाका कोण विसरतं? तिनं कुंची उचलली, छातीशी धरली आणि मटकन खाली बसली. रडली नाही. नुसती म्हणत राहिली, "मीच ओढली. मीच ओढली गं बाळा."

पाटील ओरडले, "बघता काय? फिरवा गाडा! अंधार पडायच्या आत मधल्या वाडीत ढकला. धुरपे, धर दोरी, पहिलं घर तुझंच होतं."

धुरपा उठली. दोरी धरली. पण शिवेकडं वळली नाही. गाडा ओढत ओढत थेट आपल्या दारात घेऊन आली.

"अगं ए, वेड लागलं का तुला? मरीआईला घरात घेतेस?"

"मग कुणाच्या घरात घालू, पाटील? नाव सांगा. त्या घरी घालते."

पाटील मागं सरले. लोक पळाले. धोंडूला शेजारीण उचलून घेऊन गेली. दारात राहिली धुरपा आणि गाड्यातली मरीआई.

मग धुरपानं काय केलं, दमून माहेरी आलेल्या लेकीचं करतात ना, तसं केलं. पाट मांडला. मरीआईला उचलून पाटावर बसवलं. ऊन पाणी आणून तिचे पाय धुतले. तर काय सांगू, लाकडाचे पाय ते, पण ऊन ऊन लागले आणि टाचांत काटेच काटे! तिनं एकेक काटा काढला. तेल लावलं. दहीभात भरवला. मरीआईनं खाल्ला, हो, खाल्ला. म्हणाली, "इतक्या वाड्या फिरले, पण बस म्हणणारी तूच. मात्र एक सांगते, माझ्यात दया नाही. दया मागू नकोस."

धुरपा म्हणाली, "दया नको. माझी नात गेली. माझ्या गोजराची चूल पेटत नाही. तू आता झोप. एवढंच कर, झोप बाई."

"कशी झोपू? जिथं जाते तिथं हलगी. किती युगं झाली, डोळ्याला डोळा नाही."

"मी थोपटते."

"थोपट. पण हात थांबला तर उठेन. बोललीस तर उठेन. मागं वळून बघितलंस तर उठेन. आणि उठले की आधी तुझ्या गोजराकडं जाईन."

धुरपानं ती कुंची घडी करून मरीआईच्या डोक्याखाली ठेवली. तिला कुशीवर निजवलं, दाराकडं पाठ करून बसली आणि थोपटायला लागली. असं, बघ. हळू, एकसारखं. मरीआईनं जांभई दिली आणि डोळे मिटले.

आणि तिकडं मधल्या वाडीत गोजरानं डोळे उघडले. म्हणाली, "पाणी." मग पेज मागितली. मग उठून बसली, आणि रिकामी झोळी बघून तिनं जो हंबरडा फोडला, तो डोंगराच्या या अंगाला ऐकू आला. धुरपालाही आला. पण तिचा हात थांबला नाही.

तिन्ही वाड्यांतली पटकी गेली. धोंडू शेजारणीकडं वाढायला लागला. धुरपा मात्र उठली नाही. बायका तिला घास भरवायच्या, पाणी पाजायच्या. बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा, तरी हात चालू.

मग वर्ष झालं. आखाड आला. गोजरा आईकडं आली. दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तूच ओढलीस ना गं दोरी? माझी लेक कुठाय, सांग!" धुरपाला किती बोलायचं होतं! पण बोलली की मरीआई उठणार, आणि दारात उभी कोण, तर गोजराच. धुरपा थोपटत राहिली. तिची पाठ तेवढी हलत होती. गोजरा म्हणाली, "तोंड फिरवून बसलीस होय! बस तशीच." आणि ताडताड निघून गेली.

दुसऱ्या आखाडात आली. बायकांनी तिला सगळं सांगितलं होतं. या खेपेला काही बोलली नाही. उंबऱ्यावर बसून राहिली आणि दिवस मावळल्यावर परत गेली. धुरपाला पावलं ओळखू आली. पण वळली नाही.

तिसऱ्या आखाडात आली, तर आईचे केस पांढरे झालेले. पाठ वाकलेली. आणि हात, अगं तो हात इतका दमला होता, की वर जायचा आणि खाली यायला वेळ लावायचा. मरीआईच्या पापण्या हलायला लागल्या होत्या. गोजरानं ते बघितलं. तिला तिच्या लेकीची कुंची दिसली, त्या मरीआईच्या डोक्याखाली. तिच्या जिवाचा नुसता संताप झाला. वाटलं, ओढून घ्यावी ती कुंची, उठू दे हिला, काय व्हायचं ते होऊ दे!

मग ती आत आली. आईच्या शेजारी टेकली. हलकेच म्हणाली, "सर. तुला मी अजून माफ केलेलं नाही. पण तू सर." आणि आईच्या हाताखाली आपला हात सरकवला.

मरीआईनं एक डोळा किलकिला केला. "हात बदलला का गं?"

गोजरा बोलली नाही. थोपटत राहिली. जिनं लेक नेली, तिलाच लेकीसारखी थोपटत राहिली. डोळ्यांतलं पाणी मरीआईच्या चोळीवर पडत होतं. मरीआईचा डोळा पुन्हा मिटला.

मग धुरपानं मागं वळून बघितलं. किती वर्षांनी! लेकीचं तोंड बघितलं, आणि नुसती बघतच बसली.

बाहेर बायका उभ्या होत्या. संध्याकाळी शेजारीण पुढं झाली. म्हणाली, "गोजरे, आता मी बसते. धोंडूला वाढवला तेव्हापासून मला थोपटायची सवय आहे." मग दुसरी आली. मग मधल्या वाडीची आली, मग खालच्या वाडीची. तिन्ही वाड्यांनी पाळ्या लावून घेतल्या. शिवा मोकळ्या झाल्या. आखाडात हलगी वाजायची बंद झाली. सुतारानं गाड्याची चाकं काढून टाकली.

धुरपा लेकीकडं राहायला गेली. गोजरा बरेच दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलायची. मग पुढं तिला दुसरी मुलगी झाली, तेव्हा म्हणाली, "आई, कुंची शीव." धुरपानं शिवली. पण तिचा उजवा हात काही राहत नसे हो. सुई खाली ठेवली की आपला मांडीवर थोपटत बसायचा. मरेपर्यंत तसाच. आणि सगळी माणसं सुखानं नांदली, जेवढं सुख उरलं होतं तेवढ्यात.

झाली गोष्ट. पांघरूण घ्या. काय गं, अजून जागी? आत्ता कुणाची पाळी आहे म्हणून काय विचारतेस! असेल कुणाची तरी. ती बसलीय जागी. तुझी पाळी आली की तुला हाक मारतील. आज नाही. आज मी थोपटते, तू झोप.