दोनदा वाजणारा खटका

"...पण मग पाटीवर तुमचं नाव लावायला हरकत काय आहे, मास्तर?"

संजीवनीने हे त्या आठवड्यात चौथ्यांदा विचारलं. मास्तर दोऱ्याला मेण लावत होते, ते लावतच राहिले.

"सांगा ना."

"बघू."

सहा वर्षांत या 'बघू'ची तिला चांगली ओळख झाली होती. त्याचा अर्थ 'नाही' असाच असायचा, फक्त तो सांगायला मास्तरांना कष्ट पडायचे नाहीत.

गेनबा सातपुते यांना उभा भिंगार कॅम्प 'मास्तर' म्हणायचा. त्यांचे वडील लष्करातल्या घोड्यांची खोगिरं शिवत. घोडे गेले तशी खोगिरंही गेली, आणि अंमलदारांच्या बायकांनी बदलीच्या वेळी लिलावात काढलेल्या चामडी पर्सा तेवढ्या गावात राहिल्या. त्यांची डागडुजी करण्यात गेनबांचा जन्म गेला.

त्या काळी पर्स काही घरोघर नसे. दवाखान्यातल्या नर्सबाई, शाळेतल्या बाई, टेलिफोनवरच्या बाई... अशी एखादी बाई हाताला पर्स अडकवून रस्त्याने निघाली की लोक वळून बघत. पर्स बहुतेक कुणाची तरी वापरलेली असे. पण तिच्यात बाईचा स्वतःचा पगार असे, स्वतःच्या घराची किल्ली असे, आणि त्या चालण्यात जो रुबाब असे तो आता कितीही महागाची पर्स घेतली तरी येत नाही. कुणाला राग येवो, पण ते दिवसच वेगळे होते.

संजीवनी ढोले सहा वर्षांपूर्वी मास्तरांकडे आली ती शहरातून चामड्याच्या कामाची पदविका घेऊन. शिकायला आली तेव्हाच तिला बरंच येत होतं, आणि ते तिला पक्कं ठाऊकही होतं.

हात मात्र खरंच गुणी होता. बुरशी आलेली, भेगाळलेली, ट्रंकेच्या तळाशी चेपलेली पर्स तिच्या हातून अशी निघायची की मालकीण आधी पर्सकडे बघायची, मग संजीवनीकडे. आधीचा आणि नंतरचा, असे दोन फोटो ती मोबाइलवरून शेजारी शेजारी टाकायची. ते बघून पुण्या-मुंबईच्या बायका कुरियरने पर्सा पाठवायच्या.

आता सावेडीत तिने दुकानासाठी गाळा घेतला होता. अक्षय तृतीयेला उघडायचा. पाटीवर वर तिचं नाव, आणि खाली एक ओळ : 'गेनबा मास्तर सातपुते यांच्या हाताखाली शिकलेल्या.'

त्या ओळीवर तिचा जीव होता. गिऱ्हाईक त्या ओळीशिवायही आलं असतं. पण ती ओळ नसेल तर सहा वर्षं आपण कुणाच्या पायाशी बसलो होतो, हे कुणालाच कळणार नाही, आणि हे तिला सहन होत नव्हतं. मास्तरांना न विचारता ओळ लिहायची हिंमतही होत नव्हती.

"एवढं काय चुकतं माझं?" तिने विचारलं.

मास्तर काही बोलायच्या आत दारात फिलिपसर आले.

फिलिप भिंगारदिवे म्हणजे कॅम्पातल्या शाळेचे जुने चित्रकलेचे शिक्षक. ऐंशीला टेकलेले. त्यांची पत्नी रूथबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. त्यांची काळी पर्स सरांनी महिन्यापूर्वी दुरुस्तीला आणून दिली होती, ती न्यायला ते आले होते.

पर्स दिली त्या दिवशी मास्तर डोळे तपासून घ्यायला गावात गेले होते. संजीवनी एकटीच होती.

मास्तरांची एक रीत होती. पर्स हातात घेण्याआधी ते आणणाऱ्याला म्हणायचे, "एकदा वापरून दाखवा." मग ती बाई पर्स खांद्याला लावायची, उघडायची, मिटायची. मास्तर नुसते बघत बसायचे. मालकीण हयात नसेल तर घरच्या माणसाला म्हणायचे, "बाई कशा वापरायच्या, ते दाखवा." यात कधी कधी अर्धा अर्धा तास जायचा, आणि संजीवनीला बसल्या जागी चुळबूळ सुटायची. कातडं समोर दिसतंय, शिवण दिसतेय, अजून काय बघायचं?

सरांना तिने एवढंच विचारलं होतं, "काय काय करायचंय?"

"तुम्हाला योग्य वाटेल ते करा, बाई," सर म्हणाले होते.

तिने योग्य वाटलं ते सगळं केलं. बुरशी काढली, कातड्याला तेल पाजलं, उसवलेली कड पुन्हा शिवली, अस्तर बदललं. पर्सच्या तोंडाला दोन पितळी मणी एकमेकांवरून सरकून अडकतात तसा खटका होता. त्यातला एक मणी वाकला होता, तोही तिने सरळ केला.

आता तिने पर्स मऊ फडक्यातून काढून सरांपुढे ठेवली.

सरांनी चष्मा सारखा केला. बोटाने कड चाचपली.

"सुंदर," ते म्हणाले. "फारच सुंदर हो."

संजीवनीने मास्तरांकडे बघितलं. मास्तर मेण लावत होते.

सरांनी पर्स उघडली, मिटली.

टक.

ते थांबले. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

टक.

"हं," सर म्हणाले. सोबत आणलेल्या कापडी पिशवीत त्यांनी पर्स ठेवली. उठले. दारापर्यंत गेले, आणि तिथे थांबून पर्स पिशवीतून परत बाहेर काढली.

"बाई, एक विचारू? रागवू नका."

"विचारा ना, सर."

"ही... तिचीच आहे ना?"

संजीवनीचे कान तापले.

"म्हणजे? मी बदलली असं वाटतंय तुम्हाला? अस्तर सोडलं तर सगळं तेच आहे, सर. आधीचा फोटो दाखवू का?"

"नको, नको. तुमच्यावर संशय नाही हो माझा." सर ओशाळले. "माझंच काहीतरी... वय झालं. येतो मी."

"सर," मास्तर म्हणाले, "जरा टेका."

सर बाकावर टेकले.

"बाई ही कशी मिटायच्या?"

सरांनी पर्सच्या तोंडावरून अंगठा फिरवला.

"तिला दोनदा मिटावी लागायची," ते म्हणाले. "पहिल्यांदा अर्धीच लागायची. मग अंगठ्याने दाबायची ती. मी आतल्या खोलीत चित्रं काढत बसलेला असे. दोनदा वाजलं की कळायचं, निघाली. एवढी वर्षं... घरात दुसरं काही ऐकलं नाही तरी ते ऐकू यायचं."

"खटका बिघडला होता, सर," संजीवनी म्हणाली. "एक मणी वाकला होता. तो मी सरळ केला, म्हणून आता एकदाच वाजतो. तो बिघाडच होता."

"हो, हो. बरोबरच केलंत तुम्ही."

मास्तरांनी हातातला दोरा खाली ठेवला.

"मंग त्यो बिघाड परत कर," ते तिला म्हणाले.

तिला आधी हसू आलं. मग मास्तर हसत नाहीत हे दिसलं.

"मुद्दाम बिघडवू?"

मास्तरांनी दोरा उचलला. त्यांच्या बाजूने बोलणं संपलं होतं.

संजीवनीने पर्स मांडीवर घेतली. त्यात काय आहे, पकडीने मणी इकडचा तिकडे केला की झालं, असं तिला वाटलं. तिने मणी वाकवला, पर्स मिटली. अडकलीच नाही, भसकन उघडली.

थोडा मागे आणला.

टक.

एकदाच. घट्ट, नीट. एरवी याच आवाजाने तिला समाधान वाटलं असतं.

तिसऱ्या खेपेला दोनदा वाजला. सर डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी नाही अशी मान हलवली.

"पहिला जरा बसका असायचा," ते म्हणाले. मग घाईने, "पण राहू द्या, बाई. उगाच त्रास तुम्हाला."

तिने मोबाइलमध्ये फोटो शोधला. आधीच्या फोटोत बुरशी स्पष्ट दिसत होती, भेगा दिसत होत्या. मणी किती वाकला होता ते काही दिसत नव्हतं. ते तिने बघितलंच नव्हतं, नुसतं सरळ केलं होतं.

चौथी खेप... पाचवी... तिच्या हातांना सरळ करायची सवय. वाकवायला जावं तर बोटं आपोआप मणी जागेवर आणत होती. समोरच्या हॉटेलातून चहा आला तो निवला. एकदा तर पकड आपटून 'हे नाही होणार' म्हणावंसं वाटलं तिला. पण बाकावर तो म्हातारा माणूस गुडघ्यांवर हात ठेवून, डोळे मिटून बसला होता. पलीकडच्या खोलीत कुणी आवरतंय आणि आता निघेल, अशी वाट बघत असल्यासारखा. या माणसाला आपण फोटो दाखवायला निघालो होतो, याची तिला लाज वाटली.

ती पुन्हा खाली वाकली. आता तिने मणी वाकवायचं सोडलं. पर्स कानाशी धरली, आणि केसभर दाबून ऐकायचं, केसभर दाबून ऐकायचं, असं सुरू केलं.

टक... टक.

सरांनी डोळे उघडले नाहीत. पण मान वर केली.

"हाच," ते म्हणाले. "आवाज हाच. पण..."

"पण काय, सर?"

"तुम्ही घाई करता. ती मधे थांबायची."

"कशाला?"

"घड्याळ बघायला. दारावर घड्याळ होतं आमच्या. अर्धी पर्स मिटली की वर बघायची, मग अंगठा दाबायची. दुपारपाळी असे, सव्वादोनची बस."

"रोज?"

"छत्तीस वर्षं. बस कधी चुकली नाही तिची."

संजीवनी उठून उभी राहिली. पदरासारखी ओढणी खोचली. पर्स डाव्या हातावर घेतली आणि उजव्या हाताने मिटली.

टक.

तिने वर बघितलं. मास्तरांच्या दारावर घड्याळ नव्हतं, जुनं कॅलेंडर होतं. तरी काटे दिसायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ ती बघत राहिली. मग अंगठा दाबला.

टक.

"किल्ली घेतलीस का?" सर म्हणाले.

डोळे अजून मिटलेलेच होते.

मास्तरांचे हात थांबले.

"घेतली," संजीवनी म्हणाली.

का म्हणाली ते तिला सांगता आलं नसतं. तोंडून गेलं.

सरांनी डोळे उघडले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. तिच्या हातातून पर्स घेतली. आभार मानायचे राहून गेले, कापडी पिशवीही बाकावरच राहिली. पर्स हाताला अडकवून सर भर बाजारातून चालत निघाले. दोघी-तिघींनी वळून बघितलं. त्यांना त्याचं भान नव्हतं.

संजीवनी दारात उभी राहून ते वळणापलीकडे जाईपर्यंत बघत होती. मग आत आली, मास्तरांपुढे बसली. निवलेला चहा तसाच प्यायली.

"मास्तर."

"हं."

"मी परत कधी विचारणार नाही. पाटीवर माझं एकटीचं नावसुद्धा नको. गाळाही राहू दे यंदा."

"का गं?"

"कशाच्या जोरावर उघडू? सहा वर्षं झाली, आणि आज दुपारभर खपून एक बिघाड तेवढा केला मी. तोही सरांनी सांगितला तेव्हा."

मास्तरांनी दोऱ्यावरून शेवटचा हात फिरवला.

मेण लावून झालं होतं. त्यांनी दोरा उजेडाकडे धरला, डोळे बारीक करून सुईत ओवला, गाठ मारली.

"पाटीवरचं माझं नाव," ते म्हणाले, "कोणत्या रंगात काढायचं म्हणतीस?"