बुधाजी पेशंट आणतो

एका गावात एक भोळा मांडववाला होता. नाव बुधाजी. सांगितलेल्या शब्दाबाहेर त्याने आयुष्यात पाऊल टाकले नव्हते.

त्याच्या पत्नीची, अनसूयेची, तिची आई वारल्यापासून झोप उडाली होती. ताटावर बसे आणि रडून उठे. गावच्या आरोग्यसेविका आशाताई म्हणाल्या, "भाऊ, तालुक्याच्या दवाखान्यात दर गुरुवारी मनाच्या डॉक्टरीणबाई येतात. जाऊन या."

शेजारच्या राहीकाकूंनी त्याला कोपऱ्यात ओढले. "जा बाबा, पण कुणाला कळू देऊ नकोस. लोक तिला वेडी म्हणतील!"

गुरुवारी बुधाजी तोंडाला उपरणे गुंडाळून केसपेपरच्या खिडकीशी उभा राहिला.

"नाव?" कारकुनाने विचारले.

"सांगायचं नाही."

"गाव?"

"तेही नाही."

"मग होतंय तरी काय?"

"ते तर मुळीच नाही."

कारकुनाने कपाळावर हात मारला. "अहो, इथे लपवायचं नसतं. मोठ्यानं, स्पष्ट सांगायचं!"

पुढच्या गुरुवारी बुधाजी लग्नाचा कर्णा घेऊन आला. त्यातून नाव सांगितले, गाव सांगितले, सकाळी किती भाकरी खाल्ल्या तेही सांगितले. बाळंतिणींच्या खोलीतली सारी तान्ही एकदम रडू लागली.

"पेशंट कुठंय?" कारकून कानांत बोटे घालून ओरडला. "आधी पेशंट आणा!"

"पेशंट म्हणजे कोण?"

"ज्याला झोप नाही, घास गोड लागत नाही, उगाच रडू येतं, तो पेशंट!"

तिसऱ्या गुरुवारी बुधाजीने चौकात टेम्पो उभा केला आणि कर्णा तोंडाला लावला. "ज्याला झोप नाही, घास गोड लागत नाही, उगाच रडू येतं, त्यानं टेम्पोत बसावं!"

 आधी धोंडू पहिलवान मान खाली घालून चढला. सरपंच "सहज बघायला" म्हणून चढले. मग रीघच लागली. शेवटी राहीकाकू पदर सावरत आल्या. "सरक रे मेल्या! तीन वर्षं डोळ्याला डोळा नाही माझ्या."

डॉक्टरीणबाईंनी तेवीस जणांना तपासले. मग विचारले, "बुधाजीराव, यांत तुमच्या पत्नी कोणत्या?"

"ती घरी. टेम्पोत जागाच उरली नाही."

बाईंनी हसत पिशवी उचलली. "मग मीच येते. परतताना टेम्पोत एकच जागा ठेवा."

बुधाजीने ठेवली. मागे ताडपत्रीआड कोणीच नाही, हे पुढे बसलेल्या बाईंना गावात उतरल्यावरच कळले.

अनसूया दारात आली. रिकाम्या टेम्पोकडे पाहून तिने विचारले, "अहो, आणि गाव कुठंय?"

"दवाखान्याच्या पायरीवर," बुधाजी म्हणाला. "बाईंनी एकच जागा ठेवायला सांगितली होती."