सिग्नेची काठी

एकदा काय झालं, इथून लांब, पार उत्तरेला, नॉर्वे नावाचा एक देश होता. समुद्र होता, डोंगर होते, मासळी तर विचारूच नका. नव्हतं ते फक्त स्वतःचं राज्य. राजा बसायचा शेजारच्या देशात, आणि इथली माणसं ऊठसूट त्याची परवानगी मागायची. मागून मागून ती सवयच पडली होती.

मग एक दिवस लोकांनी ठरवलं, सगळ्यांनी जमायचं आणि आपलं राज्य आपण करायचं की नाही ते सांगायचं. पण डोंगराडोंगरांतून निरोप कसा धाडायचा? तिथली रीत अशी, बरं का. निरोपाची एक लाकडी काठी असायची. ती या घराने पुढच्या घरी नेऊन द्यायची, त्या घराने त्याच्या पुढच्या. एकाने जरी ठेवून घेतली, की पलीकडची सगळी गावं राहिली.

ती काठी आली सिग्नेच्या घरी. नवरा मासे धरायला समुद्रावर गेलेला. पुढचं घर खिंडीपलीकडे, आणि खिंडीत ट्रोल. ट्रोल म्हणजे तिकडचा राक्षस. आधी तीन माणसं तिथून गेली होती, एकही परतलं नव्हतं. सिग्ने घाबरली. पण काठी घरात पडून राहिलेलीही बघवेना. मग तिने तान्ही लेक शेजारच्या म्हातारीच्या मांडीवर दिली आणि निघाली.

खिंडीत भर दुपारी धुकं. वाटेच्या कडेला तीन दगड उभे, माणसाएवढे. एका दगडाला कोटाची बटणं होती. पाय पांघरुणात घ्या रे पोरांनो, मी आहे इथं.

मग धुक्यातून आवाज आला, "कोणाच्या हुकमाने आलीस?"

सिग्ने सवयीने म्हणाली, "राजाच्या."

झालं. घोट्यापर्यंत तिचे पाय दगड झाले.

मग आवाज जवळ आला. "कोणाच्या हुकमाने?"

"नवऱ्याच्या," ती कशीबशी म्हणाली. आता कमरेपर्यंत दगड. राक्षसाचा श्वास मानेवर आला, त्याला कुजक्या मासळीचा वास. लेक आता पुन्हा दिसत नाही, असं तिला वाटलं.

मग तिसऱ्यांदा, अगदी कानाशी, "कोणाच्या?"

गावाच्या म्हणावं, असं ओठांवर आलं होतं. पण गावाने तरी कुठे तिला पाठवलं होतं? ती म्हणाली, "कोणाच्याच नाही. मला यावंसं वाटलं, मी आले."

असलं उत्तर राक्षसाला कधी मिळालंच नव्हतं. काय करावं ते त्याला सुचेना. तो विचार करत राहिला आणि तेवढ्यात धुकं विरलं. ट्रोलला ऊन सोसत नाही, बरं का. उन्हात तोच दगड झाला. सिग्नेचे पाय मोकळे झाले, आणि ते तीन दगड खोकत खोकत माणसं झाले.

मग काठी पोचली, लोक जमले. सिग्नेही रांगेत उभी राहिली, तर पंच म्हणाले, "बाई, मत पुरुषांनी द्यायचं. तुम्ही घरी जा."

ती घरी गेली नाही. दारोदार फिरून तिने 'आम्हालाही आपलं राज्य हवं' अशा कागदावर बायकांच्या सह्या गोळा केल्या. देशाला आपलं राज्य मिळालं. सिग्नेला तिचं मत मिळायला मात्र आणखी आठ वर्षं लागली.

पण मिळालं हो. मग सगळे सुखाने राहिले, बायकासुद्धा. चला, डोळे मिटा आता, दिवा मी घालवते.